प्रदर्शनातला माणूस

आमच्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. मालक बैल धुऊन-पुसून आणतो. पारखणारे दात पाहतात, वशिंड पाहतात, अंगावरून हात फिरवतात आणि बक्षीस मालकाला मिळते. बैलाला कोणी काही विचारीत नाही, आणि ते ठीकच आहे. माझे भांडण आहे ते हीच रीत माणसांना लावण्याशी!

मागे एका व्याख्यानात वक्ते महाशय गरजले, "जगाने ज्यूंना छळले, आम्ही त्यांना आसरा दिला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटे कशाला बोलू, मीही वाजवल्या. घरी येताना मात्र मनात आले, बक्षीस इथेही मालकालाच मिळाले की!

बहारीन या अरब देशातही मूठभर ज्यू आहेत. त्यांपैकी हुदा नोनू यांना २००८ साली राजदूत म्हणून अमेरिकेला धाडले, तेव्हा कौतुक झाले ते त्या देशाच्या उदारपणाचे. १९४७ च्या दंगलीत तिथल्याच मनामा शहरात ज्यूंचे प्रार्थनामंदिर लुटले गेले होते, हे त्या कौतुकात कोणाला आठवले? एका पुढाऱ्याला खुर्ची दिली की साऱ्या जमातीचा हिशेब मिटला, असे यजमानाला वाटते.

आपण तरी निराळे काय करतो? आपल्याकडे छळ झाला नाही, हे खरे आणि अभिमानाचेही. पण 'आसरा' कसला? अलिबागेकडच्या गावांत बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावे किहीमकर, दिवेकर, चेऊलकर; कीर्तने मराठीत. हे पाहुणे? सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले, तेव्हा पुण्यात पेशवाई नांदत होती! डॉ. ई. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे आपण केलेले उपकार नव्हेत, त्यांनी केलेली सेवा आहे. मोझेस मार्गावरून रोज जाणाऱ्यांना विचारून पाहा, हे मोझेस कोण? आणि आसऱ्याची फुशारकी मारणाऱ्या या महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा मिळायला २०१६ साल उजाडावे लागले!

कोणी म्हणेल, मग गौरव करूच नये की काय? जरूर करावा, पण त्यांच्या कामाचा. आपल्या मोठेपणाचा नव्हे.

हे मी तावातावाने लिहितो, कारण आमच्या डोंगरात हाच खेळ चालतो. ज्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्यात फासावर चढविले, त्यांच्या या मुलखात समारंभ आला की एखाद्या आदिवासी आजोबांना फेटा बांधून व्यासपीठावर बसवतात. फोटो निघतो, भाषणे होतात. आजोबा मात्र आपल्या पाण्याचे, जमिनीचे गाऱ्हाणे पोटात ठेवून पायी घरी जातात. ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे कोणी धरीतच नाही.

वाचकहो, दिवाळीत घरी आलेल्याला आपण पाट देतो, फराळ देतो आणि त्याची हकिकतही ऐकतो. एवढी घरची रीत सभेत पाळली तरी पुरे. प्रदर्शनात बैल उभा करावा. माणसाला बसायला द्यावे, आणि तो बोलू लागला म्हणजे आपण टाळ्या थांबवाव्या.