एका वस्तूला एकच नाव

प्रुफं तपासणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणं, असा चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांचाही समज असतो. 'दिन' आणि 'दीन' यांतला घोटाळा पकडला की झालं! पण तांत्रिक मसुद्यात शुद्धलेखनाची चूक सगळ्यांत निरुपद्रवी, असं माझं मत झालंय. ती निदान दिसते तरी.

माझा भाचा नेटवर्कच्या क्षेत्रात आहे. असाच एक मसुदा तपासायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा म्हणाला, "मावशी, तुला यातलं काही कळत नाही, म्हणूनच तू वाच." आणि आधी नमुना म्हणून 'आरएफसी ८१९९' हातात दिला. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने तो जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. तो सक्तीचा नियम नाही, माहितीपर दस्तऐवज आहे.

विषय असा. राउटर, स्विच वगैरे उपकरणांची माहिती नि सेटिंग कशी मांडायची, हे लिहिण्यासाठी 'यांग' नावाची एक भाषा आहे. तिच्यात जो तो आपापली मॉड्यूल लिहू लागला, म्हणून वर्गवारी हवी झाली. काही मॉड्यूल ग्राहकाला हव्या असलेल्या सेवेचं वर्णन करतात, काही एकेका उपकरणाचं. (मुख्याध्यापकांचं वेळापत्रक आणि बाईंचं टाचण, असा फरक समजा.) दुसरी वाटणी कर्त्यावरून: मानक संस्थेची, कंपनीची आणि वापरणाऱ्याने स्वतः केलेली.

आता गंमत बघा. या दस्तऐवजाचा हेतूच मुळी सगळ्यांनी एकच परिभाषा वापरावी हा. पण मसुद्याच्या फाइलच्या नावात शब्द आहे 'मॉडेल', आणि छापील शीर्षकात 'मॉड्यूल'! दोन्ही एक नव्हेत. मॉडेल म्हणजे माहितीची मांडणी. मॉड्यूल म्हणजे ती यांगमध्ये लिहिलेला एक भाग, आणि एका मॉडेलला अनेक मॉड्यूल लागू शकतात. शीर्षकातला 'मॉड्यूल'च बरोबर. फाइलचं नाव म्हणजे निव्वळ ओळखखूण, ते तसंच राहिलं.

निबंधात आपण मुलांना सांगतो, तोच शब्द पुन्हा पुन्हा नको. एकदा 'सूर्य', मग 'रवी', मग 'भास्कर'. निबंधात ते शोभतंच. मानकात मात्र 'रवी' आला की वाचणारा इंजिनियर विचारणार, हा दुसरा कोण? आणि तो दुसऱ्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहून मोकळा होणार. जाणकाराचं मन असे शब्द आपोआप जुळवून घेतं, म्हणून त्याला ते खुपत नाहीत. माझ्यासारखीला खुपतात. इथे अडाणीपणाच कामाला येतो!

इंग्रजीत आणखी एक सोय आहे. 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे मानकातले अर्थ १९९७ साली ठरवून दिले होते; २०१७ मध्ये स्पष्ट केलं की ते विशेष अर्थ फक्त मोठ्या लिपीत लिहिलं तरच. आपल्या देवनागरीत मोठी लिपी कुठली? 'पाहिजे' कितीही जोरात लिहा, पाहिजेच!

हे सगळं वेळेवर बघावं लागतं, कारण छापल्यावर आरएफसीचा आशय बदलत नाहीत. संपादक शेवटची प्रत लेखकांकडे पाठवतात, त्या टप्प्याला 'ऑथ-४८' म्हणतात. नाव अठ्ठेचाळीस तासांचं, पण प्रत्यक्षात बरेचदा कितीतरी जास्त दिवस लागतात, कारण प्रत्येक लेखकाचा होकार लागतो. मला तो उशीर मुळीच खटकत नाही. नंतर सापडलेली चूक शुद्धिपत्रात वेगळी नोंदतात. मूळ पानावर ती तशीच राहते.

भाच्याच्या मसुद्यावर माझी पेन्सिल सध्या अकराव्या पानावर आहे. त्याला म्हटलं, हे मराठीत कधी आणणार असाल तर आधी 'प्रारूप' या शब्दाचं काय ते ठरवा. मॉडेललाही आपण प्रारूप म्हणतो आणि मसुद्यालाही. म्हणजे तुमचं हे काम होईल 'प्रारूपांच्या वर्गीकरणाचं प्रारूप'!