एका मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं

गेल्या हिवाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेच्या व्हरांड्यात सहा कॉम्प्युटर भंगारवाल्याची वाट बघत पडले होते. त्यातला एकही बिघडलेला नव्हता. बटण दाबलं की सगळे सुरू होत होते. दुरुस्तीला आलेल्या मुलानं फक्त एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, विंडोज दस बंद हो गया, अब ये किसी काम के नहीं." कमिटीनं मान डोलावली. गावातल्या लोकांच्या देणगीतून आलेली ती मशीनं किलोच्या भावानं जाणार होती.

विंडोज १० "बंद" झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं त्याला नेहमीच्या अपडेट देणं थांबवलं. मशीन त्या दिवशी मेलं नाही. इंटरनेटवर वापरताना त्याचा धोका तेवढा वाढत जाणार. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळांतली बरीच मशीनं त्याआधीची आहेत. म्हणजे दोष कंपनीच्या अटीत आणि शिक्षा मुलांना!

मी विषय काढला तेव्हा तीन सल्ले मिळाले. तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिला सल्ला: भंगारात काढा, नवीन घ्या. पैसे कुठून आणायचे, यावर सगळे गप्प.

दुसरा: "क्रॅक" मारलेलं विंडोज ११ टाकून घ्या, दोनशे रुपयांत काम होतं. इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. मटणाच्या दुकानावरची पाटी आपण दोनदा वाचतो, बिस्किटाच्या पुड्यामागचे घटक तपासतो, आणि शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये चोरीचा माल बिनदिक्कत भरतो. बिस्मिल्ला म्हणून सुरू केल्यानं चोरीचा माल हलाल होत नाही. ज्या वर्गात मी अमानत हा शब्द शिकवते, त्याच वर्गातलं मशीन चोरीचं असेल तर मुलं धड्याकडे बघतील की मशीनकडे?

तिसरा सल्ला एका हुशार तरुणाचा होता. "विंडोज पुसून टाका, सगळीकडे लिनक्स टाका." लिनक्स फुकट आहे, कायदेशीर आहे आणि जुन्या मशीनवर चालतं, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण शाळेच्या कपाटात गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हजेऱ्या आणि दाखल्यांचे नमुने इनपेजच्या फाइलींत आहेत. इनपेज १९९४ मध्ये आलं आणि उर्दू छपाईचा चेहराच बदलून गेला. पण ते विंडोजवरचं सॉफ्टवेअर. मराठीच्या जुन्या फाइली श्रीलिपीत आहेत. विंडोज पुसलं तर या फाइली उघडायच्या कशावर?

मग मार्ग कोणता? दोन्ही ठेवा. एकाच हार्ड डिस्कचे भाग पाडायचे. एका भागात विंडोज राहतं, दुसऱ्यात लिनक्स. मशीन सुरू केलं की पडद्यावर यादी येते आणि आपण हवं ते निवडतो. ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब. त्या क्षणी एकच सिस्टिम चालते, दुसरी शांत पडून असते. वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत, तसं.

काम अवघड नाही, पण घाईनं करू नये. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढा. हे टाळलं तर पुढचं काही करू नका. मग विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी जागा वेगळी करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. लॅपटॉपवर बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या. काही इन्स्टॉल न करता ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. पडदा, आवाज, वायफाय नीट चालले की मगच विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा क्रम पाळा. मिंटला चार जीबी रॅम पुरते.

पुढे वापराचा एक नियम करा: विंडोज १० इंटरनेटशिवाय, फक्त जुन्या फाइलींसाठी, इंटरनेटची सगळी कामं लिनक्सवर. यूडायस प्लसची माहिती ब्राउझरमध्येच भरतात, त्याला विंडोज लागत नाही. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा हीच रड नको.

"मुलांना नोकरीत विंडोजच लागेल," असं एक सदस्य म्हणाले. म्हणून तर तेही ठेवलंय! आणि लिनक्स परकं वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन बघा, त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच आयटी शिकतात.

मला जास्त खटकते ती "हे नाहीतर ते" ही सवय. आमची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठीत भाव करतात. तरी दर काही दिवसांनी कुणीतरी त्यांना विचारतं, तुमची खरी भाषा कोणती? २०२३ मध्ये याच मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. एक लिपी पुसून दुसरी ठेवायची, याची किंमत आपण मोजलेली आहे.

सहापैकी दोन मशीनं मी पोहोचण्याआधीच गेली. उरलेल्या चारांवर आता दोन्ही सिस्टिम आहेत. सातवीची मुलं एकाच पानावर वरती मराठीत आणि खाली नस्तालिकमध्ये आपलं नाव टाइप करतात, मध्ये एक बटण दाबून कीबोर्ड बदलतात. आपल्या शाळेच्या स्टोअररूमची किल्ली कुणाकडे आहे, ते आजच विचारा. भंगारवाला तुमच्यासाठी थांबणार नाही.