मोजायचे काय, आणि कोणासाठी?

जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभुळपाडा एका रात्रीत उद्ध्वस्त केले. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पालीच्या पंचक्रोशीत ज्यांनी हे पावसाळे पाहिले आहेत, ते यंत्राला विरोध करणार नाहीत. नदी किती चढली, डोंगर किती सरकला, घाटमाथ्यावर किती पाऊस पडला हे मोजून खालच्या वस्तीला वेळीच सांगणारे संवेदक त्यांना हवेच आहेत. म्हणून शहरांतील खांबाखांबांवर संवेदक बसविण्याच्या धोरणाला जे आव्हान देतात, त्यांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणून हिणविणे हा निव्वळ कांगावा आहे. वाद विज्ञानाशी नाही. मोजायचे काय, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या लाभासाठी, हा वादाचा विषय आहे.

केंद्र सरकारने 25 जून 2015 रोजी ‘स्मार्ट सिटी’ मोहीम सुरू केली. देशातील शंभर शहरे तीत निवडली गेली. महाराष्ट्रातून पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, ठाणे आदी शहरे होती. 31 मार्च 2025 रोजी मोहिमेची मुदत संपली. मागे काय उरले? शंभरही शहरांत एकेक नियंत्रण केंद्र उरले. चौकांतील कॅमेरे, दिव्याच्या खांबांवरील संवेदक, वाहनांचे क्रमांक टिपणारी यंत्रे या सर्वांची माहिती तेथे येऊन पडते. सर्वसामान्य नागरिकाला मात्र आपल्या चौकातील खांब काय टिपतो, ते किती दिवस साठविले जाते आणि कोणाला पाहावयास मिळते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या खांबाखाली उभे राहून मिळत नाही.

हा निर्णय घेतला कोणी? मोहिमेच्या अटीनुसार प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी स्थापन करावी लागली. तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका यांचे समान भागभांडवल. कारभार मात्र संचालक मंडळाकडे. ज्या 74व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले, तिच्या हेतूलाच ही बगल होती. नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर 2015 मध्ये हा कंपनीचा प्रस्ताव फेटाळून लावला. महापालिकेची स्वायत्तता गहाण टाकून निधी नको, अशी ती भूमिका होती. तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे राजकीय हेतू काहीही असोत, तत्त्व योग्य होते. पण पुढे सभाच उरली नाही. नवी मुंबईत मे 2020 पासून, तर मुंबई-पुण्यात मार्च 2022 पासून प्रशासकांची राजवट आली आणि महापालिकांच्या निवडणुकांसाठी जानेवारी 2026 उजाडावा लागला. या वर्षांत रस्त्यावर जे जे बसविले गेले, त्याला जाब विचारण्यास निवडून आलेला एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

आता अर्थकारण पाहू. केंद्राने प्रत्येक शहरामागे पाच वर्षांत 500 कोटी रुपये देऊ केले. तेवढाच वाटा राज्य व महापालिका यांनी उचलावयाचा होता. हे भांडवली अनुदान एकदाच मिळते. यंत्रांची देखभाल, आज्ञावलीचे परवाने, माहितीची साठवण हा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि तो महापालिकेच्या तिजोरीतून जातो. एका कंपनीची यंत्रणा एकदा बसली की दुसऱ्या कंपनीकडे जाणे दुष्कर होते. मग दर ठरविण्याची ताकद विक्रेत्याच्या हाती राहते. ज्या मालासाठी हा खटाटोप, तो माल म्हणजे नागरिकांच्या येण्याजाण्याची माहिती. ती निर्माण करतो रस्त्यावरून चालणारा मनुष्य, आणि त्याला तिचा एक छदामही मिळत नाही. गावाच्या गायरानाला कुंपण घालून गावकऱ्यालाच चाऱ्याचे पैसे मागावेत, तसा हा प्रकार आहे. रस्ता, बाग, बाजारपेठ ही शहराची गायराने आहेत.

समर्थकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद स्त्रियांच्या सुरक्षिततेचा असतो. त्याची टिंगल करून चालणार नाही. गुन्हा घडल्यावर आरोपी शोधण्यास कॅमेऱ्याची मदत होते, हे मान्य केले पाहिजे. पण गुन्हा घडू नये म्हणून काय लागते? चालू असलेले दिवे, रात्री उशिरापर्यंत धावणारी एस.टी., स्वच्छ आणि पाणी असलेली स्वच्छतागृहे, तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे. दिवा बंद, पण त्याच खांबावरचा कॅमेरा चालू, असे जेथे दिसते तेथे अग्रक्रम कोणी ठरविला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाळतीचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे पडत नाही, हेही विसरता कामा नये. नागपूर महापालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली. कामगार किती वेळ कोठे थांबला हे मोजले गेले. हातमोजे मिळाले का, मास्क मिळाला का, हे मोजणारे घड्याळ मात्र कोणी बांधले नाही. फेरीवाला, झोपडीवासी, मोर्चात चालणारा कार्यकर्ता हे या डोळ्याचे पुढचे विषय आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूला प्रमाणशीर असे साधन आवश्यक ठरते. निविदा म्हणजे कायदा नव्हे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आणि माहिती अधिकार कायद्यातील खासगी माहितीविषयीचे कलम बदलण्याची तरतूद केली. नागरिक शासनाला अधिकाधिक दिसावा आणि शासन नागरिकाला कमीत कमी, अशी ही दिशा आहे.

परदेशांतही हेच घडले. अमेरिकेतील सॅन डिएगो शहराने 2016 मध्ये वीजबचत व वाहतूकमोजणी यांच्या नावाखाली पथदिव्यांवर संवेदक मंजूर केले. त्यांतील कॅमेऱ्यांची चित्रे पोलीस वापरीत असल्याचे नागरिकांना नंतर कळले. लोक संघटित झाले, सप्टेंबर 2020 मध्ये महापौरांना ते बंद करण्याचा आदेश द्यावा लागला आणि 2022 मध्ये अशा यंत्रणांवर अंकुश ठेवणारा नियम झाला. कॅनडातील टोरांटोत एका बलाढ्य कंपनीने आखलेली संवेदकांची वसाहत नागरिकांच्या विरोधाला तोंड देत राहिली आणि मे 2020 मध्ये कंपनीनेच आर्थिक अनिश्चिततेचे कारण सांगून ती गुंडाळली.

पर्याय आपल्याकडेही आहे. 2015 च्या नाशिक कुंभमेळ्यात गर्दी मोजण्यासाठी दाबाने पावले मोजणारी चटई वापरण्यात आली. तिने पावले मोजली, चेहरे टिपले नाहीत. बल्लाळेश्वराच्या यात्रेतील चेंगराचेंगरी टाळण्यास माणसे किती हे कळले तरी पुरते. माणूस कोण हे कळण्याची गरज नाही.

पालीत नगरपंचायतीची पहिली निवडणूक डिसेंबर 2021 मध्ये झाली. महानगरांत रुजलेली योजना उद्या अशा छोट्या गावांच्या दारी येईल. कार्यकर्त्यांनी त्यापूर्वीच आपापल्या नगरपंचायतीत चार मागण्यांचा ठराव मांडावा. सर्वसाधारण सभेच्या खुल्या चर्चेवाचून एकही संवेदक नको. करारनामा, खर्च आणि साठवणीची मुदत फलकावर लावावी. माहितीची मालकी नगरपंचायतीची असावी आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा वर्ज्य असावी. आणि पहिला पैसा नदीच्या पातळीवर, डोंगरउतारावर व नळाच्या पाण्याच्या तपासणीवर खर्च व्हावा.

शासनाला मोजण्याची एवढीच हौस असेल, तर त्याने अंबेचे पाणी मोजावे. नागरिकाची पावले मोजण्याचा अधिकार त्याला कोणीही दिलेला नाही.