पाऊस मोजणारी मुले

पावसाळा आला की हवामान खात्याचे इशारे आम्ही नित्यनेमाने छापतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’. या आकड्यांनी वाचकांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? बहुधा कोणतेच नाही. आणि न उमजलेला इशारा सहसा पाळला जात नाही.

दोष आकड्यांचा नाही, शिक्षणाचा आहे. वायुभारमापकाची सुबक आकृती काढून पुरे गुण मिळविणारा विद्यार्थी दारातला पाऊस मोजत नाही. वास्तविक त्यास प्रयोगशाळा लागत नाही. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा झाडा-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्याच वेळेला, आतले पाणी पट्टीने मोजून वहीत टिपावे व डबा रिता करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मग शंभर चौरस मीटरच्या अंगणात शंभर मिलिमीटर पावसाने दहा हजार लिटर पाणी कोसळते, हा हिशेब मूल स्वतःच करील. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा धरला, की पुठ्ठा सावरणारी हवाही त्याला प्रत्यक्ष भेटेल. १६४३ साली तोरिचेल्लीच्या नळीतला पारा याच दाबाने तोलला होता.

आमच्या रापणकारांनी वारे पुस्तकातून ओळखले नाहीत. ते रोज पाहून ओळखले. पाहण्याची ती सवय शाळेने मोडू नये. पालकांनी या पावसाळ्यात मुलांच्या हाती डबा, पट्टी आणि वही द्यावी. उद्या इशाऱ्याचा अर्थ तीच घराला सांगतील.