आधी डोळा, मग कॅमेरा

पावसाने जोर धरला की आपल्या बेळगावच्या मुलांना आंबोलीचे वेध लागतात. सत्तरएक किलोमीटरचा रस्ता. सकाळी निघावे, धबधब्यात भिजावे, गरम भजी खावीत आणि दिवेलागणीला परतावे. पूर्वी अशा सहलीत साऱ्या वर्गात मिळून एखादाच कॅमेरा असे, आणि त्यातल्या छत्तीस फोटोंचा हिशेब सर ठेवीत. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि हिशेब कोणीच ठेवीत नाही. माझी तक्रार कॅमेऱ्याविषयी नाही, या हरवलेल्या हिशेबाविषयी आहे.

धबधब्यापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. शंभरातले नव्वद जण पाण्याकडे पाठ करून उभे असतात! वास्तविक पाण्याचा फोटो हा मोठा गमतीचा विषय आहे. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडले, तर एकेक थेंब हवेत थिजतो. तेच तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून पाव सेकंद उघडे ठेवले, तर पाण्याचे रेशीम होते. यांतले काय हवे, हे ठरविण्यासाठी आधी पाण्याकडे पाहावे लागते. आणि पाहणाराच सावधही राहतो. वर डोंगरात पाऊस वाढला की प्रवाह एकाएकी फुगतो, पाणी गढूळ होते. पाठ फिरवलेल्याला हे कसे कळावे?

वन्यजीवांच्या बाबतीत तर आपली हौस आणखी महागात पडते. मात्र ती किंमत आपण मोजत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र आंबोलीला मुक्कामाला होतो. रात्री एका डबक्याकाठी झाडावर मलबारी उडता बेडूक दिसला. हिरवागार, बोटांमधले पडदे तांबूस. पाचसहा बॅटऱ्या त्याच्यावर रोखल्या गेल्या. कोणी फांदी खाली ओढली, कोणी त्याला हातात धरून पडदे दिसावेत म्हणून पाय ताणले. बॅटरी धरणाऱ्यांत मीही होतो. फोटो झकास आला, सर्वांनी वाखाणला. त्या ओढाताणीत फांदीवरचा पांढरा फेसाचा गोळा चिखलात पडला होता. पावसाचा फेस असेल म्हणून आम्ही त्यावरून चालत गेलो. पुढे वाचनात आले, की हा बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो, त्यात अंडी घालतो आणि पिल्ले त्यातून खालच्या पाण्यात पडतात. आमच्या फोटोत ते घरटे कोठेच नाही.

आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यांवर याहूनही नाजूक संसार चालतो. ‘आंबोली टोड’ हा अंगावर वाघासारखे पट्टे असलेला चिमुकला बेडूक आंबोली व आसपासच्या छोट्याशा टापूतच आढळतो. शास्त्राला त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख पटली ती २००९ साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या पावसात सड्यावर साचणाऱ्या बोटभर पाण्यात तो अंडी घालतो. आपण नेमके त्याच सड्यावर, त्याच दिवसांत, ढगांचे फोटो काढीत फिरत असतो.

कोणी म्हणेल, फोटोंमुळेच तर लोकांना या जिवांची माहिती होते. हे अगदी खरे आहे. हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात सापडलेल्या चिमुकल्या माशाला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. इतकी वर्षे लोक त्या कुंडाला नमस्कार करून जात होते. कोणीतरी वाकून नीट पाहिले, म्हणून मासा दिसला. तीच हिरण्यकेशी पुढे घटप्रभेला मिळते आणि गोकाकच्या कड्यावरून कोसळते. तेव्हा ही काळजी आंबोलीकरांनीच करावी, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ज्या फोटोसाठी प्राण्याला हात लावावा लागतो, हलवावे लागते, तो फोटो काढू नये. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो. आपल्या हातावरचे डास पळविण्याचे मलमसुद्धा त्याला बाधते. फांदी ओढण्याऐवजी आपण दोन पावले सरकावे. प्रकाश बेताचा ठेवावा, तोही घटकाभरच. आणि फोटोसोबत वहीत तारीख, वेळ आणि प्राणी काय करीत होता हे लिहावे. अशी नोंद पुढे अभ्यासकाला उपयोगी पडते. दुर्मीळ जिवाचा नेमका ठावठिकाणा मात्र चारचौघांत सांगू नये. त्या वाटेने पकडणारेही येतात.

आपल्या नियतकालिकाच्या संपादक मंडळालाही एक विनंती आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांत सहलीचे फोटो छापताना प्रत्येकाखाली तो कसा काढला, हे दोन ओळींत छापावे. आणि हातात धरलेल्या प्राण्याचा फोटो, कितीही सुंदर असला तरी, परत करावा. माझा तो बेडकाचा फोटो मी यंदा त्याच कारणासाठी पाठविलेला नाही.