किरणोत्सारी पट्ट्यांची मोजणी थांबता कामा नये

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांची मोजणी एकदा करून संपणारी नाही. हवामानाच्या नोंदींसारखी ती रोज व्हायला हवी. जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५८मध्ये अशा कणांच्या पट्ट्यांचा शोध लावला, त्यानंतर पृथ्वीभोवती दोन किरणोत्सारी पट्टे आहेत हे पाठ्यपुस्तकांत पक्के झाले होते. ३० ऑगस्ट २०१२ रोजी नासाची 'व्हॅन ॲलन प्रोब्ज' ही दोन याने झेपावली. नव्या यानावरची उपकरणे एरवी सावकाश सुरू करतात. पण डॅनियल बेकर यांच्या गटाने आपले इलेक्ट्रॉन-मापक काही दिवसांतच चालू करवून घेतले. १९९२पासून मोजणी करणारा 'सॅम्पेक्स' उपग्रह लवकरच वातावरणात जळून जाणार होता आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहायच्या होत्या. या आग्रहामुळेच कुणाच्या ध्यानीमनी नसलेला तिसरा पट्टा दिसला. सुमारे चार आठवड्यांनी सौर वाऱ्यातल्या एका धक्क्याने तो नाहीसा झाला. नोंदींत खंड पडू नये एवढ्याच हेतूने केलेल्या कामाचे हे फळ आहे.

यावर कोणी म्हणेल, हे इलेक्ट्रॉन उपग्रह बिघडवत असतील तर उपग्रहांना जाड कवच घातले की झाले. जानेवारी १९९४मध्ये कॅनडाचे 'ॲनिक' मालिकेतले दोन दळणवळण उपग्रह एकाच दिवशी बिघडले, ते अशाच इलेक्ट्रॉनांमुळे असे मानले जाते. हे कण बाहेरचा पत्रा भेदून आत शिरतात, विद्युतरोधक आवरणांत साचतात आणि मग एकदम ठिणगी पडते. गुरूभोवतीचे पट्टे तर याहून कितीतरी प्रखर; म्हणून 'जुनो' यानाचे नाजूक भाग टायटॅनियमच्या पेटीत ठेवले आहेत. मात्र प्रत्येक उपग्रहाला असे वजन परवडत नाही, आणि कवच किती जाड हवे हेसुद्धा मोजणीवाचून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपले 'आदित्य-एल१' सूर्यावर नजर ठेवून असताना आणखी काय हवे? पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून ते सूर्याकडून काय येते आहे हे सांगते. त्यावर पट्टे काय करतील हे सांगू शकत नाही. जेफ्री रीव्हज आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये २७६ चुंबकीय वादळे तपासली. सुमारे निम्म्या वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले होते, उरलेल्यांपैकी काहींत घटले होते, काहींत जैसे थे राहिले होते. पट्ट्याच्या पोटातल्याच विद्युतचुंबकीय लहरी इलेक्ट्रॉनांना वेग देतात, हे २०१२च्या ऑक्टोबरातल्या वादळात 'प्रोब्ज' तिथे होती म्हणून सिद्ध झाले. ती दोन्ही २०१९मध्ये इंधन संपून थांबली. तिथले काम जपानच्या 'अरासे'सारख्या मोजक्या यानांवर येऊन पडले.

खर्चाची सबबही आता टिकत नाही. मे २०२४च्या महावादळानंतर तयार झालेले नवे पट्टे टिपले ते कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'सर्बी' या चिमुकल्या उपग्रहाने. शिवाय नोंदींचे मोल आपल्याला नवे नाही. १८५९च्या सौर वादळाची कुलाबा वेधशाळेतली नोंद शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात, आणि ती मिळाली कारण तिथे वादळ नसतानाही मोजणी चालू असे. इस्रोने इलेक्ट्रॉन-मापक असलेला एक छोटा उपग्रह या पट्ट्यांतून फिरत ठेवावा, आणि तो निकामी होण्याआधी त्याचा वारसदार वर पाठवावा.