आधी कुरण, मग छावणी

दुष्काळ पडला की महाराष्ट्राला चारा छावण्या आठवतात. 2012-13 मध्ये त्या उघडल्या, 2018-19 मध्ये पुन्हा उघडल्या. जनावरांपुढे ऊस तोडून टाकावा लागला. पाऊस आला की छावण्या मोडतात आणि वैरणीचा विषयही मागे पडतो. पावसातले खंड लांबत असताना हे चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने तरी गवताच्या सुधारित वाणांचा गांभीर्याने विचार व्हावा.

या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. झाशीची भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था 1962 मध्ये स्थापन झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले जयवंत’सारख्या संकरित नेपियरमुळे बागायतदाराच्या गोठ्यात बारमाही हिरवा चारा आला. पण नेपियरला पाणी लागते. माण-आटपाडीसारख्या दुष्काळी भागातल्या मेंढपाळाला हवीत पवना, मारवेल, अंजन, डोंगरी अशी गवते: पहिल्या पावसाला फुटणारी, वर्षानुवर्षे टिकणारी, मुळांनी माती धरणारी आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवणारी.

त्यांची सुधारणा सोपी नाही. मारवेल, अंजन यांचे बी बहुतांशी फलनाविनाच तयार होते, म्हणून संकर घडवणे कठीण जाते. माळामाळांवरून नमुने आणून त्यांतून सरस वाण निवडणे हाच मोठा आधार. माळ नांगरला गेला, तर निवडायलाच काही उरत नाही. पुढची अडचण बियाण्याची. बी हलके, कुसळांचे. एकदम पिकत नाही, पिकले की गळते. गोळा करायला मजुरी फार पडते. बहुवर्षायू गवताचे गिऱ्हाईक दरवर्षी परतून येत नाही, त्यामुळे खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. ही जबाबदारी सरकारचीच आहे.

विद्यापीठांनी वाण पारखताना हेक्टरी टनांबरोबर कोरड्या वर्षी किती ठोंब जगले आणि चराईनंतर किती फुटले, हेही मोजावे. गायरानाचा काही भाग राखून बचत गटांकडून बियाणे तयार करून घ्यावे आणि महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाने ते ठरलेल्या दराने खरेदी करावे. माळरानाला पडीक समजून तिथे झाडांसाठी खड्डे खणणे थांबवावे. पशुपालकाला सरकारने दुष्काळापुरते आठवू नये. येत्या अर्थसंकल्पात छावण्यांच्या तरतुदीआधी गवताच्या बियाण्याची तरतूद दिसली पाहिजे.